न केलेला नवस

दिवाळीच्या तोंडावर आमच्या गल्लीत गटाराचे पाइप टाकायला चर खोदला गेला आणि खोदणारा माणूस पाइप न टाकताच निघून गेला. माझी स्कूटर चराच्या अलीकडे, रस्ता चराच्या पलीकडे. शेजाऱ्यांनी चरावर एक फळी टाकली होती. ती माणसाचं वजन पेलायची, स्कूटरचं नाही. दोन-तीन दिवस मी ऑटोने गेले. अमरावतीचे ऑटोवाले सगळी जागा भरल्याशिवाय हलत नाहीत, आणि भरल्यावरही आणखी एखादा कुठे कोंबता येईल हे बघत चौकाचौकात थांबतात. मी एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं चहा न मिळाल्याने आधीच कावलेली असतात, त्यांना ऑटोची हकिगत ऐकवून चालत नाही. म्हणून मी जिन्याखाली पडलेली, सासरी गेलेल्या मुलीची जुनी सायकल काढली, ओल्या फडक्याने पुसली, फळीवरून हाताने पलीकडे नेली, कोपऱ्यावर हवा भरली आणि ड्यूटीवर गेले.

झालं ते एवढंच. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे लोकांनी त्याचं जे काही केलं त्यात माझा हात नव्हता.

पहिल्या दिवशी दवाखान्याच्या स्टँडवर सायकल लावली तेव्हा तिथला चौकीदार खुर्चीतून अर्धा उठला. इतक्या वर्षांत तो माझ्यासाठी कधी उठला नव्हता.

"म्याडम, गाडी बिघडली का?"

"नाही. गल्ली खोदली आहे."

"मंग साहेबाईनं सोडून दिलं असतं ना."

साहेब म्हणजे माझा नवरा. तो सरकारी नोकरीतून निवृत्त झाला आहे आणि सकाळी अंगावर शाल घेऊन पेपर वाचतो. पेपर संपला की तोच पेपर मागच्या पानापासून पुन्हा वाचतो. तो मला सोडायला आला असता तर मी दुपारच्या जेवणाला पोचले असते. पण हे चौकीदाराला सांगण्यासारखं नव्हतं.

लॅबमध्ये माझ्या समोरच्या टेबलावर एक बाई बसते. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, कामाला चांगली, सुईला हात हलका. बाकी सगळ्या बाबतींत तिचा हात जड आहे. तिला मी इथे समोरची म्हणेन.

"काहून वो ताई, सायकलनं?" समोरचीने विचारलं.

मी चराचं सांगितलं. तिने सहानुभूतीने मान हलवली, म्हणजे तिला ते पटलं नव्हतं. दुपारी डबे उघडेपर्यंत लॅबमध्ये कारणं तयार झाली होती. साहेबांची पेन्शन अडली आहे. माझी शुगर वाढली आहे आणि मी ती लपवते आहे. माझं नवऱ्याशी बिनसलं आहे आणि स्कूटरची चावी त्याने ठेवून घेतली आहे. गल्ली खोदली आहे, हे कारण मात्र कोणालाही नको होतं. सगळ्या शहराच्या गल्ल्या खोदलेल्या असताना.

मग थंडी पडली.

आमच्या लोकांना उन्हाळा सोसायची सवय आहे, आणि त्याचा त्यांना इतका अभिमान आहे की मे महिन्यात बाहेरगावचा पाहुणा आला तर त्याला मुद्दाम दुपारी फिरायला नेतील. पण डिसेंबरात पारा जरासा उतरला की जणू कोणी आपल्यावर अन्याय केला आहे असे चेहरे करून फिरतात. बाप्ये कानटोपी घालतात ती होळीपर्यंत काढत नाहीत. चौकात टायर पेटवून शेकतात, तो काळा धूर रस्त्यावर पसरतो आणि त्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांना हेच लोक सांगतात, बम थंडी आहे, जपून जा. स्कूटरवरच्या पोरी डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फने बांधतात आणि मग डोळे मोबाइलमध्ये घालतात.

मी नवऱ्याचा जुना स्वेटर घातला, ओढणीची कमरेला गाठ मारली आणि हातमोजे सापडले नाहीत म्हणून पायमोजेच हातात घातले. राजापेठपर्यंत थंडी बोटांना चावायची. पुलाच्या चढावर अंग तापायचं. पलीकडे उतरताना कपाळाला गार वारा लागायचा. कापसाने शिगोशीग भरलेले ट्रक जिनिंगकडे निघालेले असायचे, त्यांच्यातून उडालेला कापूस डिव्हायडरच्या झुडपांना चिकटून राहायचा. संत्र्याचे हातगाडे लागत असायचे. एकदा एका कुत्र्याने पाठलाग केला, त्याला मी थांबून असं काही बोलले की तो पुन्हा त्या वळणावर दिसला नाही.

आणि त्या अर्ध्या-पाऊण तासात मला कोणी काही विचारायचं नाही. भाजी काय करायची, रिपोर्ट कधी मिळेल, दुधाचं पातेलं कुठे आहे, काही नाही. पायडल मारायचं आणि पुढे बघायचं. बरं वाटायचं. याहून जास्त काही म्हणण्यासारखं नाही, पण कमीही नाही.

नाताळाच्या सुमारास चर बुजवला गेला, म्हणजे वरून माती आणि गिट्टी लोटली गेली. स्कूटर आता बाहेर काढता येत होती. मी सायकलच काढली.

इथून खरा घोळ सुरू झाला. गल्ली खोदली आहे असं म्हणायची सोय गेली. कोणी विचारलं की मी खरं ते सांगू लागले, की आवडते म्हणून चालवते. हे वाक्य मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्या सगळ्यांनी माझ्याकडे एकाच नजरेने पाहिलं. पन्नाशीच्या बाईने एखादी गोष्ट नवऱ्यासाठी केली तर समजतं, पोरांसाठी केली तर समजतं, डॉक्टरने सांगितलं म्हणून केली तरी समजतं. आवडते म्हणून करते, हे आमच्या गावात कोणत्याच खात्यात बसत नाही.

एके दिवशी डबा खाताना समोरची सोलेभाताचा घास हातात धरून थांबली.

"ताई, मले आता समजलं."

"काय समजलं?"

"नवस हाय ना?"

"कसला नवस?"

"पोराचा." तिने आवाज खाली आणला. "त्याले पोस्ट भेटेपर्यंत सायकलनं येईन म्हनून. माह्या मावससासूनं असाच चपला सोडाचा नवस केला होता. तिचा पोरगा आता मंडळ अधिकारी हाय."

"मी कोणताही नवस केलेला नाही," मी म्हणाले.

तिने पटकन माझ्या हातावर हात ठेवला. "बरोबर हाय. सांगू नका. सांगतला का नवस वाया जाते."

हा आमच्याकडचा नियम आहे. नवस बोलायचा तो देवापाशी. फिटेपर्यंत माणसांना सांगायचा नाही. त्यामुळे एकदा का तुमच्या नावावर नवस चढला की तो उतरवायची सोयच नाही. नाही म्हणालात, तर नियम पाळता आहात. गप्प बसलात, तर कबूल आहे. चिडलात, तर व्रताची माणसं जरा कडकच असतात. मी तिन्ही करून पाहिलं. प्रत्येक वेळी नवस जास्त पक्का झाला.

मी माहेरची दर्यापूरकडच्या खेड्यातली. वडील मोझरीच्या आश्रमाच्या वळणाचे होते. सकाळी हातात खराटा, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. नवस म्हणजे देवाला दिलेली लाच, असं ते चारचौघांत म्हणायचे आणि त्यासाठी भावकीच्या शिव्या खायचे. त्यांच्या पोटची मी, आणि माझ्या नावावर हा नवस, तोही सायकलचा.

बातमी दवाखानाभर झाली. चौकीदाराने कडुनिंबाखालची जागा माझ्या सायकलसाठी राखून ठेवली आणि तिथे गाडी लावायला आलेल्या एका डॉक्टरला चक्क हाकललं. एका सकाळी हँडलला हळदीकुंकू लावलेलं होतं. कोणी लावलं ते कळलं नाही, पुसताना माझ्या बाहीला डाग मात्र पडला. पुढे घंटीत शेवंतीचं फूल खोचलेलं दिसायला लागलं. एकदा तर रक्त द्यायला आलेल्या मुलाच्या आईने माझ्या डोळ्यांदेखत सायकलच्या सीटला हात लावून तो कपाळाला लावला. ज्या सीटवर मी बसते, त्या सीटला.

हे सगळं मूर्खपणाचं होतं, पण निरुपद्रवी आहे असं मी धरून चालले होते. तसं ते नव्हतं. मध्ये माझा मुलगा होता.

मुलगा मेकॅनिकल इंजिनियर झाला आणि आमच्याकडे इंजिनियर झालेली पोरं करतात तेच त्याने केलं. सरकारी परीक्षांच्या अभ्यासाला बसला. आमच्या शहरात गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. लांबलचक खोली, प्लायवूड लावून पाडलेली खुराड्यासारखी खोपटी, एकेका खोपटात एकेक पोरगं आणि समोर भिंतीवर वेळापत्रक. कोंबड्या तरी अंडी घालतात. इथे कधी पूर्वपरीक्षा निघते आणि मुख्य निघत नाही, कधी निकाल अडतो, कधी जाहिरातच येत नाही, आणि पोरं पुढच्या वर्षाच्या आशेवर पुन्हा त्याच खोपटात जाऊन बसतात. माझा मुलगा तिशीकडे सरकला होता. चष्म्याचा नंबर वाढला होता, बोलणं कमी झालं होतं. नवऱ्याने आधी उपजिल्हाधिकारी ठरवला होता, मग तहसीलदार, आता नायब तहसीलदारावर आला होता. हे केव्हाच संपलं असतं तरी मला चाललं असतं. पण संपवायचं की नाही, हे त्याने म्हणायला हवं होतं. माझ्या सांगण्याने बसला नव्हता, माझ्या सांगण्याने उठवायचा नव्हता.

जानेवारीत मी त्याचा स्वेटर धुवायला काढला. मनगटाच्या पट्टीतून पिवळसर भुकटी पडली. वास घेतला. तुरीच्या डाळीचा. अकोल्याला माझी नणंद दालमिलच्या मागच्या वस्तीत राहायची, तिच्या दोरीवरच्या प्रत्येक कपड्याला हा वास असायचा. अभ्यासिकेत बसून हा वास लागत नाही.

रविवार होता. मुलगा अंगणात उन्हाला बसून माझ्या सायकलच्या चेनला तेल घालत होता. हे तो दर रविवारी करायचा. मी सांगितलेलं नव्हतं. मला वाटायचं, इंजिनियर आहे, हात शिवशिवत असतील.

"अकोल्याले कवापासून जाऊन राहिला?" मी विचारलं.

त्याच्या हातातली तेलाची बाटली थांबली. "कोनं सांगतलं?"

"तुह्या स्वेटरनं."

मग त्याने सांगितलं. कॉलेजातल्या मित्राच्या वडिलांची अकोल्याला दालमिल आहे. तिथलं डाळीचे दाणे रंगावरून निवडायचं मशीन सारखं बंद पडायचं. मित्राने एकदा बघायला बोलावलं, याने ते चालू करून दिलं. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा बडनेऱ्याहून सकाळची गाडी पकडून तो तिकडे जात होता. आता सगळ्या मिलच्या मशीनरीचं काम त्याने कायमचं घ्यावं, असं त्यांचं म्हणणं होतं. नवी तूर बाजारात यायच्या आत त्यांना उत्तर हवं होतं, कारण एकदा मिल दिवसरात्र चालायला लागली की नवा माणूस शिकवायला कोणाला फुरसत नसते.

त्या मशीनमध्ये दाणा कसा घसरतो, कॅमेरा कुठे असतो, काळा दाणा दिसला की हवेचा झोत त्याला कसा बाहेर फेकतो, हे तो मला हाताने दाखवून सांगत होता. इतकी वर्षं अभ्यासाबद्दल विचारलं की 'चालू हाय' याच्यापुढे त्याची गाडी गेली नव्हती.

"मंग जाय ना," मी म्हणाले. "अडलं कुठी?"

"कसा जाऊ? तू इतक्या थंडीत सायकल चालवून राहिली."

"त्याचा अन् याचा काय संबंध?"

"आई, मले मालूम हाय."

"काय मालूम हाय?"

"नवस." तो चेनकडे बघत म्हणाला. "अभ्यासिकेतल्या एका पोट्ट्याची माय तुमच्या दवाखान्यात येते. सगळ्याईले मालूम हाय. पोट्टे म्हनतात, तुही माय तुह्यासाठी कुडकुडत सायकल हाणून राहिली, अन् तू डुलक्या देऊन राहिला."

"मी कोनताच नवस केला नाही."

"तू तर नाहीच म्हनशीन."

मला त्या क्षणी समोरची हाताला लागली असती तर मी तिचं काय केलं असतं सांगता येत नाही. डबा खाताना एका बाईच्या डोक्यात आलेल्या खुळाने माझ्या पोराला त्या प्लायवूडच्या खोपटात बांधून ठेवलं होतं, आणि बांधायला दोरी घेतली होती ती माझ्या सायकलची. दर रविवारचं ते तेल म्हणजे हात शिवशिवणं नव्हतं. तो अपराध्यासारखा बसून घालत होता.

"मंग काहून चालवते तू?" त्याने विचारलं.

"आवडते म्हनून."

तो हसला. वाईट नाही हसला, पण हसला. आई काहीतरी आवडते म्हणून करते आहे, हे त्याने उभ्या आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. त्यात त्याचा दोष नाही. माझाही नाही. वेळ कोणाकडे होता.

दुपारी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. अकोल्याबद्दल त्याने एक शब्द काढला नाही. नायब तहसीलदार डोक्यातून निघायला वेळ लागणार होता. पेपरची घडी करून तो फक्त म्हणाला, "सोप्पं हाय. सायकल सोडून दे. नवस असता तं मधात सोडली नसती, हे पोराले समजते."

मला राग आला. एक तर ते बरोबर होतं, आणि नवऱ्याचं बरोबर निघालं की मला नेहमीच राग येतो. दुसरं म्हणजे मला सायकल सोडायची नव्हती. लोकांचं खूळ, आणि त्यापायी घरी बसायचं ते माझ्या सायकलने. पण पोराला दाखवायचं तर दुसरा उपाय मलाही सुचत नव्हता. तोंडाने काही सांगून उपयोग नव्हता, तोंडाने सांगितलेलं सगळं नवसाच्या बाजूने जमा होत होतं.

सोमवारी मी स्कूटर काढली. दोन-अडीच महिने उभी असलेली स्कूटर थंडीत एका किकमध्ये सुरू होत नाही. शेजारच्या तिघांनी आळीपाळीने किका मारल्या आणि प्रत्येकाने मला प्लग साफ करायला सांगितलं. मुलगा दारात उभा राहून बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

दवाखान्याच्या स्टँडवर चौकीदाराचा चेहरा उतरला. कडुनिंबाखालची जागा रिकामी होती, ती त्याने मला स्कूटरसाठी दिली नाही. समोरचीने मला हेल्मेट काढताना खिडकीतूनच पाहिलं होतं.

"ताई," ती म्हणाली, "अर्ध्यात?"

"काय अर्ध्यात?"

"काही नाही. मी काही इचारत नाही. पन आतालोक निभावलं होतं तं थोडकं अजून..." ती सिरिंजची पाकिटं उगाच इकडची तिकडे ठेवत राहिली. मग न राहवून म्हणाली, "निदान घरून निघताना सायकलीले हात तरी लावत जा. तेवढं तरी देवाले पोचते."

मी हात लावला नाही. मात्र संध्याकाळी स्कूटरवरून येताना पुलावर माझी बोटं सायकलपेक्षा जास्त गारठली आणि ऊब काही आली नाही, हे इथे नमूद करते.

आणि त्याच आठवड्यात नवरा पडला. सकाळी दूध आणायला गेला होता. बुजवलेल्या चरावरची गिट्टी सुटी झाली होती, तीवरून पाय घसरला. घोट्याचं हाड सरकलं. प्लास्टर घालून त्याला घरी आणलं तोवर मला कळून चुकलं होतं की आता काय बोललं जाणार.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समोरची आमच्याकडे आली, लॅबमधल्या आणखी दोघींना घेऊन. पिशवीत संत्री. पलंगाजवळ बसून तिने प्लास्टरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा प्लास्टरकडे.

"मी काही बोलत नाही," ती म्हणाली.

"नका बोलू," मी म्हणाले.

"पन देवाचं असंच असते ताई. मधात सोडलं का तो दाखवते."

नवरा उशीला टेकून पडला होता. त्याने पेपर खाली केला. "देवाले दाखवाचंच होतं तं ज्यानं चर बुजवला त्याले दाखवाचं होतं. माह्या पायानं त्याचं काय घोडं मारलं?"

मुलगा चहाचा ट्रे घेऊन दारातून येत होता. त्याला हसू आलं. ट्रे हलला आणि कपांतला चहा बशांत सांडला. समोरचीला ते हसणं आवडलं नाही. ती त्याच्याकडे वळली.

"हासू नको बाबू. तू तरी आईले समजाव. तुह्यासाठी तिनं एवढी थंडी काढली. आता परीक्षा तोंडावर अन् हे असं. उद्या काही बरंवाईट झालं तं कोनाले बोल लावशीन?"

मुलाने ट्रे स्टुलावर ठेवला. त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी रडायच्या आधी व्हायचे तसे.

"काकू, आईले काही बोलू नका," तो म्हणाला. "तिनं कोनताच नवस केला नाही. तिले सायकल आवडते, म्हनून ती चालवते. बाबा गिट्टीवरून घसरले. अन् परीक्षा मी देऊनच नाही राहिलो. मी अकोल्याले चाललो, दालमिलमध्ये."

मी मुलाकडे बघत होते. मी रविवारी सांगितलं ते त्याला पटलं नव्हतं, स्कूटरचं सोंग पाहूनही पुरतं पटलं नसेल. दुसरं कोणी आईवर बोट दाखवलं तेव्हा तेच वाक्य त्याच्या तोंडून निघालं, आणि निघाल्यावर त्याचं त्यालाच ते खरं वाटलेलं दिसलं. माणसाचं डोकं असं उलटं चालतं. माझी तक्रार नाही. काम झालं होतं.

सगळ्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने चष्मा काढला, शालीने पुसला, पुन्हा घातला.

"आधी त्याईले चहा दे," तो मुलाला म्हणाला. "निवून राहिला."

त्याच्या बाजूने तेवढीच परवानगी होती. आम्हाला पुरली.

निघताना समोरची चपला घालत दारात थांबली. बोलल्याशिवाय तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडणार नाही, हे मला माहीत होतं.

"काही म्हना ताई, पोरगं मार्गाले लागलं. प्रायवेट का होईना." मग अगदी हळू, "पावला म्हनायचा."

संक्रांत झाली आणि मुलगा अकोल्याला गेला. तिळाचे लाडू दिले, आणि वापरायला नवऱ्याचे जुने शर्ट दिले, कारण ती भुकटी धुऊन निघत नाही. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. तुरीच्या गाड्या लागायला लागल्या आहेत, बोलायला वेळ नाही, एवढं बोलून त्याने ठेवून दिला. मला ते बरं वाटलं.

तो गेला त्याच्या दुसऱ्या सकाळी मी सायकल काढली. चेनला ताजं तेल होतं. राजापेठच्या पुलावर अंग तापलं, उतारावर वारा लागला, सगळं जागच्या जागी होतं. स्टँडवर चौकीदार पूर्ण उठून उभा राहिला आणि त्याने मला कडुनिंबाखालची जागा दाखवली.

"फेडून राहिल्या ना म्याडम?" तो आदराने म्हणाला.

आधी नवस बोलला म्हणून सायकल, आता पावला म्हणून सायकल. मी एकदा त्याच्याकडे बघितलं आणि कुलूप लावलं. पोरगा सुटला होता. आता लोकांना जे म्हणायचं ते म्हणू दे.

थंडी सरत आली होती. एक दिवस मी आत शिरत असताना स्टँडवर समोरची दिसली. धापा टाकत होती, केस विस्कटलेले, आणि हातात सायकल. लेडीज, लाल, बहुधा तिच्या मुलीची. ती मुलगी यंदा बारावीला आहे आणि डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेला बसते आहे, हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे, कारण समोरची दुसरं काही बोलत नाही.

"काहून वो?" मी विचारलं. "सायकलनं?"

तिने नजर खाली केली. पदराने मान पुसली.

"काही नाही ताई. असंच," ती म्हणाली. "आवडते म्हनून."

मी तिच्याकडे नीट बघितलं. चेहऱ्यावरून काही कळेना. खरं बोलत असेल, नियम पाळत असेल, दोन्ही असेल. मी जेव्हा हेच वाक्य बोलत होते तेव्हा माझ्याही चेहऱ्यावरून काही कळत नसणार.

मागच्या चाकात हवा कमी होती. तेवढं तिला सांगितलं आणि आत गेले. रक्त द्यायला आलेल्यांची रांग लागली होती.